सुती घरातलं मखमली जाकीट

मी एक जुनं मखमली जाकीट आहे, मित्रांनो. रंग गर्द हिरवा. बोलायची मला सवय नाही. तरुणपणाची वर्षं कपाटात घडी होऊन काढली, त्यामुळे हे नीट सांगता येईल की नाही, याची धाकधूक आहे.

शिंप्याने मला धाकट्या सुनेच्या लग्नासाठी शिवलं. कापण्याआधी तो तळहात फिरवून लव कुठे झुकते ते पाही आणि सारे तुकडे त्याच दिशेने बेती. लग्नात मला सर्वांनी वाखाणलं. मग डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला ठेवून दिलं.

पुढे धाकटीला चष्म्यांच्या दुकानात नोकरी लागली. घरात ते कुणालाच रुचलं नाही. दुकानाने कायम केलं तर ठीक, नाही तर मुकाट्याने स्वयंपाकघर सांभाळायचं, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. धाकटीने त्याच आठवड्यात मला बाहेर काढलं. आत साधा सुती कुडता, पायात सपाट चपला, कान मोकळे. अंगावर मखमल एकच, बाकी सगळं साधं, हा तिचा नियम. केसांना मखमली पट्टा लावला, की त्या दिवशी मी खुंटीवर.

घरभराच्या कपड्यांना इस्त्री थोरली जाऊ करी. तिने घातलेल्या घडीच्या धारेवर भाजी चिरावी, असं सासरे म्हणत. ती मला पाहिलं की विचारी, आज कुणाचं लग्न आहे गं? धाकटी माझी बटणं लावून निघे. या घरात भांड्याला भांडं लागत नव्हतं, कारण दोघी एकमेकींच्या भांड्याला हातच लावत नसत.

कायम करण्याचा निर्णय व्हायचा होता, त्या सकाळी धाकटी अंघोळीला गेली आणि थोरलीने मला खुंटीवरून उतरवलं. तापलेली इस्त्री पाठीवर टेकवली आणि दाबली. लव चिरडली. इस्त्रीचा अख्खा तळ पाठीवर चकाकत उमटला. हे चुकून झालं की मुद्दाम, ते मला आजही सांगता येत नाही. तिचा हात मात्र नेहमीपेक्षा सावकाश चालत होता.

धाकटीने मला उचललं आणि तिचा चेहरा उतरला.

“सुरकुत्या होत्या, काढल्या,” थोरली म्हणाली.

“मखमलीवर अशी इस्त्री फिरवतात, ताई?”

“आम्हाला काय ठाऊक बाई. आम्ही सुती माणसं.”

सासूबाईंनी सुचवलं, आज जाऊच नकोस. धाकटीने पातेल्यात पाणी उकळलं, मला वाफेवर धरलं, मऊ ब्रशने लव उलटी विंचरली. डागाच्या कडा पुसट झाल्या, मधला भाग हटेना. तिने मला तसंच अंगात घातलं आणि थोरलीसमोर पाठ करून उभी राहिली.

“मागून नीट दिसतंय ना?”

थोरलीने मान वळवली.

दुकानात मालकीणबाईंनी डागाबद्दल विचारलं. आमच्याकडे कपड्यांची फार काळजी घेतात, एवढंच धाकटी म्हणाली. मालकीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. संध्याकाळी तिला कायम करताना त्या म्हणाल्या, जिभेवर ताबा असलेली बाई गिऱ्हाइकांसमोर हवीच.

त्याला बरीच वर्षं झाली. जावांमध्ये अजूनही गोडवा नाही. एकदा थोरलीने शिंप्याकडून माझी पाठ बदलून आणायची तयारी दाखवली. लोक विचारतात, म्हणाली.

“विचारू देत,” धाकटी म्हणाली. “मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.”



आता माझी कोपरं विरळ झाली आहेत, तरी धाकटीसोबत मी अजून कामावर जातो. मित्रांनो, मखमल कपाटात कुजवू नका. रोज वापरा, टांगून ठेवा, चुरगळली तर दुरून वाफ द्या. आणि राग कुणावर असेल, तर त्या माणसाच्या तोंडावर काढा. कपड्यावर काढू नका. आम्हाला उलटून बोलता येत नाही.