टपावरचे तीन दिवस

अण्णा सलग तिसऱ्या दिवशी सकाळी सातला शिडी लावून मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, टपावर चढले, तेव्हा माईंनी भरून ठेवलेल्या पिशव्या तिसऱ्यांदा गाडीच्या दाराशी आणून ठेवल्या.

लेकीचे दिवस भरत आले होते. "आई, बाळाला पहिल्यांदा तूच घे हं," असं ती फोनवर म्हणाली, तेव्हापासून माईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. रस्ता दोन दिवसांचा. सासूबाईंना घरी एकटं ठेवायची सोय नाही, आणि त्या वयात त्यांना उकाड्यात नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे टपावरचे दोन ए.सी. गार हवा देतील, तेव्हाच चाकं हलणार. आणि ते दोघे तर नुसते घरघरत होते, घोरणाऱ्या माणसासारखे.

अण्णा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. काम झालं नाही तरी चालेल, पण ते पद्धतशीरच व्हायला पाहिजे, ही त्यांची निष्ठा. पहिला दिवस झाकणाचे स्क्रू काढून, पुसून, डबीत ठेवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी आतल्या पत्र्याच्या पातळ पट्ट्यांतली धूळ मऊ ब्रशनं झाडली. आज वाकलेल्या पट्ट्या कंगव्यानं सरळ करायच्या होत्या.

"स्वतःच्या डोक्यावर चार केस," खाली खुर्चीत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "त्यांना कधी इतक्या मायेनं कंगवा फिरवला नाही मेल्यानं."

"आई, हे तांत्रिक काम आहे!" वरून आवाज आला.

"हो का? मग पणतू शाळेत जायला लागला की आपण बारशाला पोचू."

चढा आवाज माईंना कधी जमलाच नाही. त्या गाडीत शिरल्या आणि मागच्या ए.सी.खाली उभ्या राहिल्या. छताला जाळी होती. त्यातून आतली हवा वर ओढली जायला हवी, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी पदराचं टोक जाळीशी धरलं. पदर हलेना. त्यांनी बटण बंद केलं, दोन खटके दाबून जाळी उतरवली आणि तिथंच पायरीवर बसल्या.

महिन्यापूर्वी अण्णांनी स्वतःच्या हातानं नवे फिल्टर बसवले होते. पिशवीसकट.

त्यांच्या घरात नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढायची रीतच नव्हती. रिमोट पिशवीत होता. गादीवर कूस बदलली की करकर वाजे. "प्लॅस्टिक काढलं की वस्तू जुनी झाली," असं अण्णा म्हणत, आणि माईंनीही इतकी वर्षं मान डोलावली होती. तेव्हा दोष एकट्या अण्णांचा नव्हता, हे त्यांनी मनाशी कबूल केलं.

मग दोन्ही फिल्टरांच्या पिशव्या काढल्या. आत बर्फाचा थर धरला होता, म्हणून तासभर नुसता पंखा चालवला. खाली परात ठेवली. पाणी गळून गेल्यावर अण्णांना हाक मारली.

"अहो, झाकण बसलं ना? चालू करते हं."

गार झुळूक आली. खऱ्या अर्थानं गार. सासूबाईंनी आत येऊन डोळेच मिटले.

"बघितलंत?" अण्णा टपाच्या कडेवरून डोकावले. "कंगव्याची करामत!"

माईंनी परातीतलं पाणी बाहेर ओतलं. खोटं बोलू नये; पण न विचारलेलं सांगायलाच हवं, असं थोडंच आहे? प्रवास घडत असेल तर श्रेय कंगव्याला जाऊ दे बिचाऱ्या.

"मागचाही छान झालाय," त्या एवढंच म्हणाल्या. "निघू या का?"

अण्णांचा चेहरा पडला. "मागचा? त्याला तर मी हातच लावलेला नाही. मग तो गार कसा होईल?"

"झालाय खरा."

"ते मला मान्य नाही. सफाईशिवाय आलेला गारवा टिकाऊ नसतो. उद्या झाकण उघडतो, परवा ब्रश, तेरवा कंगवा."

माईंनी फिल्टरच्या दोन्ही प्लॅस्टिक पिशव्या उचलल्या, बाहेर आल्या, आणि हात उंच करून त्या अण्णांना दाखवल्या.

"हे फिल्टरवर होतं. दोन्ही. आता काढलंय."

अण्णा हातातला कंगवा खाली ठेवत म्हणाले, "मग तीन दिवस मी वर काय केलं?"

"झाकल्या ताटावर जेवायला बसला होतास," सासूबाई आतून म्हणाल्या. "आता ऊठ."

"पण पुस्तिकेत तर कुठंच लिहिलेलं नाही की पिशवी…"

"अहो," माई म्हणाल्या. आवाज तोच, मऊ. "मी गाडी चालू करतेय. तुम्ही आत बसून येणार, की वर बसून?"

माईंना गाडी चालवता येत होती. अण्णांनीच शिकवली होती, पद्धतशीर. इंजिनाचा आवाज आला, तसे ते ब्रश, डबी सगळं काखोटीला मारून शिडीवरून भराभर उतरले.

गाडी रस्त्याला लागली आणि लेकीचा फोन आला. सासूबाईंनी तो माईंच्या कानाशी धरायला पुढं केला. माईंनी मान हलवून तो स्पीकरवर लावायला सांगितला.

"आई, ए.सी. झाला का नीट?"

"हो गं," माई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "बाबा खाली उतरले."