आजारातलं बोलणं

नवऱ्याच्या शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात अडकलं होतं, कापड पोटावर तिरकं ओढलं गेलं होतं... सकाळीच तिच्या लक्षात आलं होतं. हात पुढेही गेला होता — मग तिने तो मागे घेतला. राहू दे. समितीला दिसू दे.

मेंदूचा पुढचा भाग झिजत चालला की माणसाच्या जिभेवरचा, वागण्यावरचा पहारा कसा सुटतो, यावर तिची प्रयोगशाळा काम करत होती. निधी थांबला तर ती बंद पडणार होती, आणि निधी देणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना आलेखांचा कंटाळा आला होता. एखादा रुग्ण दाखवा ना, ते म्हणाले होते. रुग्ण घरातच होता. वहिनी, दादाला प्रदर्शनात मांडू नकोस, असं नणंद फोनवर म्हणाली तेव्हा तिने समजावलं होतं, की विज्ञानात आपलं-परकं नसतं... किती सहज बोलून गेले मी.

समितीच्या लांब टेबलाशी तो शहाण्यासारखा बसला. समोरची बिस्किटं एकट्याने संपवली. अध्यक्षांनी मऊ आवाजात विचारलं, बायको नीट काळजी घेते ना?

"घेते की," तो म्हणाला. "आजारी पडल्यापासून माझा शब्दन् शब्द टिपून घेते. त्याआधी मी बोलायला लागलो की ही खोलीतून उठून जायची."

कोणीतरी खाकरलं. ती हसली — व्याख्यानातलं, सरावाचं हसू.

"हेच ते लक्षण," ती म्हणाली. "भान सुटलं की मनाला येईल ते रचून सांगितलं जातं."

माना डोलल्या. निधी तिथल्या तिथे मंजूर झाला. निरोप घेताना अध्यक्षांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे ओलावले होते.

रचून... पण तो रचत नव्हता. ती उठून जायचीच — कधी फोन आला म्हणून, कधी उगाच — आणि मागे तो अर्ध्या वाक्यावर थांबलेला असणार, हे तिला आत्ता, परतीच्या वाटेवर गाडी चालवताना दिसत होतं.

शेजारी तो खिडकीबाहेर पाहत होता. मग वळून, आजाराआधी तिने कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात त्याने विचारलं, "दमलीस का गं?"

ती हो म्हणणारच होती, आणि त्याच क्षणी थबकली. मघाचं बोलणं आजाराचं, तर हेही आजाराचंच. हे त्याचं स्वतःचं, तर मग तेही... दोन्हींतलं एकच ठेवून घेता येत नव्हतं. तो उत्तराची वाट पाहत होता. आणि हा एवढासा प्रश्न आपण त्याला कधी विचारला होता का, हे तिला काही केल्या आठवेना.