मागच्या फळीतली एक जागा

नवख्या पोरांची पारख एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये होत नाही, ऑगस्टच्या उन्हात होते, असं वेंडेल क्रॅट्झरचं मत होतं. टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो बचावाचा प्रशिक्षक होता. ड्राफ्टमध्ये कॉलेजांतून निवडलेली पोरं एप्रिलमध्ये नव्या टोप्या घालून टीव्हीवर हसतात. ऑगस्टमध्ये हेल्मेट चढवून धडका खायला लागली की कोण किती पाण्यात आहे ते कळतं.

यंदा बचावाच्या अगदी मागच्या फळीत जागा एकच होती आणि दावेदार दोघं. मिनेसोटाचा कोल ब्रँडवोल्ड ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत निवडलेला, उंचापुरा, वाऱ्यासारखा पळणारा. मिसिसिपीचा डेमेरियन पिकेट शेवटच्या फेरीतला. अंगानं बेताचा, पण समोरच्यांची चाल त्याला आधीच कळायची. सराव संपला की दोघं एकाच टेबलावर बसून एकमेकांची टिंगल करत जेवायचे.

हंगामापूर्वीच्या शेवटच्या सामन्यात कोलनं उंच उडी मारून समोरच्यांचा पास हवेतच पकडला. मैदान दणाणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य प्रशिक्षक रस्टी डॉयलनं सांगून टाकलं, की कोलला ठेवू, पिकेटला निरोप देऊ. वेंडेल म्हणाला, आधी सामन्याची फिल्म बघू दे.

फिल्ममध्ये वेगळंच दिसलं. तो पास फेकला जाण्याआधी पिकेट धावत कोलकडे गेला, त्याचं कोपर धरून त्याला स्वतःच्या जागेवर उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला पळाला. तिथेच थांबला असता तर तो चेंडू त्याचा होता. वेंडेलनं ते पुन्हा लावून पाहिलं. स्वतःची नोकरी टांगणीला लागलेली असताना असं करणारं पोर त्याच्या पाहण्यात नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. कोल होता.

"कोच, कालचा चेंडू माझा नव्हता. मी चुकीच्या जागी उभा होतो. डेमेरियननं ढकललं मला. म्हणाला, इथे उभा राहा गाढवा, इथेच येतोय."

"हे सांगून तुझी जागा जाईल, कळतंय ना?"

"कळतंय. पण त्याच्यासमोर बसून जेवायचं कसं?"

वेंडेलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग पिकेटला बोलावलं. असं का केलंस, विचारल्यावर त्यानं मान खाजवली.

"पलीकडचा गडी मोकळा सुटत होता, कोच. कोलला तो दिसलाच नव्हता. समजावत बसायला वेळ कुठे होता? चेंडू आपल्याकडे आला ना, मग झालं."

वेंडेल तडक रस्टीकडे गेला. जागा पिकेटला दे, पण कोललाही हातचा घालवू नकोस, म्हणाला. म्हातारपणी मऊ पडलास, असं रस्टीनं चिडवलं. पण फिल्म पाहिल्यावर तोही कबूल झाला.

पिकेट संघात आला. कोलला सराव पथकात, म्हणजे सामने न खेळता फक्त सराव करणाऱ्या राखीव पोरांत ठेवलं. दुसऱ्या एका संघानं त्याला आपल्याकडे बोलावलं, तर त्यानं नम्रपणे नकार दिला. रोज मैदानावर सर्वांत आधी येऊन तो पिकेटकडून समोरच्याची चाल वाचायला शिकू लागला. ऑक्टोबरात एक जुना खेळाडू दुखापतीनं बाहेर गेला आणि कोलचं नाव संघात लागलं.

त्या रविवारी मागच्या फळीत दोघं शेजारी उभे होते, हातवारे करत भांडत होते. शेवटी कोल स्वतःहून दोन पावलं डावीकडे सरकला. पिकेटनं मान डोलावली. कडेला उभा वेंडेल ते पाहून स्वतःशीच हसला.