खाडीकडचा पत्रा

"धाकू, काम झाल्यावर जालं परत वरती टाकशील ना रं?" चंद्रभागाबाईंनी खालून विचारलं.

धाकू छपरावरूनच हसला. "मावशे, आता हूक लावतोय ना! नट आवळले का हत्ती पन हलवनार नाय. जाल्याचं काय काम?"

बाळकुमच्या खाडीकाठी पत्रे बसवावेत ते धाकूनेच, असं लोक म्हणत. धाकूही म्हणे, जरा जास्तच. वीस वर्षांत त्याच्या हातचं एकही छप्पर वाऱ्याने उडालं नव्हतं. या घरावर आधी कौलं होती आणि कौलांवर दगड बांधलेलं मासेमारीचं जुनं जाळं. चंद्रभागाबाईंचा नवरा गोमाजी अकरा वर्षांपूर्वी खाडीत गेला, तो परतला नाही. जाळं तेवढं राहिलं.

दुपारी धाकू चहाला खाली उतरला आणि वैशाखातला वारा उठला. शेजारच्या जनाबाईंच्या पडवीचा पत्रा डोळ्यांदेखत उडाला. खाडीकडच्या ओळीत त्याने हूक अडकवले होते, पण त्यांचे नट पिशवीतच राहिले होते.

अख्खी ओळ वीतभर उचलली गेली. मग वर कुणी जड माणूस बसावा तसे पत्रे खाली आले आणि हलेनात. घरभर खाडीच्या चिखलाचा वास सुटला. धाकूच्या अंगावर काटा आला. चंद्रभागाबाईंनी मात्र वर बघून पदर सावरला.

"आयलं ते," त्या म्हणाल्या. "वारा सुटला का येतान. घर धरून बसतान."

वारा पडल्यावर धाकू भीतभीतच वर चढला. कोरड्या ठणठणीत पत्र्यावर एकच ओला डाग होता, माणूस बसला तर होईल एवढा. त्याने बोट लावून चाखलं. खारट.

तो नट आवळू लागला. शेवटच्या नटाशी आला तेव्हा खालून आवाज आला, "सगलं घट्ट केलंस तं ते कशाला येतीन रं?"

धाकूचा पाना थांबला. त्याला त्या बाईची दया आली. त्याने तो नट खिशात टाकला. मग जाळं वर ओढून दगड बांधले.

पुढे कितीदा वारा सुटला, पण धाकू तिकडे पाना घेऊन गेला नाही.

चंद्रभागाबाई गेल्या, त्यानंतरच्या वैशाखात पुन्हा तसाच वारा आला. वारा पडल्यावर धाकू शिडी घेऊन गेला. खाडीकडचा पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडा होता. त्याने हात फिरवून पाहिलं, थोडा वेळ बसला आणि खिशातून तोच जपून ठेवलेला नट काढून आवळून टाकला.