रॉजर कोणी म्हणायचं?

मी एक जुनी चकती आहे. एवढं वाचून ज्यांच्या डोळ्यांसमोर बशी आली, त्यांनी ती बाजूला ठेवावी. मी अ‍ॅल्युमिनियमची आहे, तळहातापेक्षा थोडी मोठी, आणि माझ्या अंगावर इतके आकडे आहेत की तुमच्या गणिताच्या बाईसुद्धा चष्मा पुसून बघतील. माझं एक वर्तुळ स्थिर आहे, दुसरं त्यावर फिरतं. पाठीला फिरती पारदर्शक खिडकी आहे. त्या खिडकीवर पेन्सिलीने ठिपका दिला की तो झाला वारा. मग मी सांगते: हा वारा विमानाला किती ढकलेल, नाक किती अंश वळवायचं, पोचायला किती वेळ लागेल, इंधन पुरेल का. मला बॅटरी लागत नाही, नेटवर्क लागत नाही. मित्रांनो, तुमच्या हातातली ती चकचकीत पाटी चार्जिंग संपल्यावर काय होते? आरसा होते. त्यात तोंड बघा.

माझ्या जन्माची कथा फार मोठी नाही. यंत्राने ठसे मारले, कोणीतरी कडा घासल्या, खोक्यात घातलं. मला खरा अर्थ आला तो हवाई दलात, विंग कमांडर खंडेराव यांच्या हातात. ते नॅव्हिगेटर होते. नॅव्हिगेटर म्हणजे मालवाहू विमानात पायलटच्या मागे बसून वाट सांगणारा माणूस. पायलट विमान चालवतो आणि ते कुठे चाललंय हे नॅव्हिगेटरला ठाऊक असतं. या दोघांत टाळ्या कोणाला मिळतात, हे काढायला चकती लागत नाही.

खंडेरावांची पद्धत ठरलेली होती. मला फिरवायचं, आकडा वाचायचा आणि बोलायचं, "पाच अंश डावीकडे." पुढून पायलट म्हणायचा, "रॉजर." म्हणजे ऐकलं, करतो. विमान वळायचं. तोवर खंडेरावांचे हात मांडीवर. सांगणाऱ्याने विमान वळवायच्या दांड्याला हात लावायचा नाही, हा तिथला धर्म. निवृत्त होताना त्यांनी मला एका तरुण नॅव्हिगेटरच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "इंद्रजित, आवाज स्वच्छ ठेव आणि हात आवर."

इंद्रजितने दोन्ही केलं. जरा जास्तच केलं, ते पुढे येईल.

दिल्लीजवळच्या हिंडनच्या तळावरून आम्ही खूप उडालो. एकदा डोंगरांवर ढगात असताना उपग्रहावर चालणारा वाटाड्या बंद पडला. दोन्ही पायलट त्याच्यावर थापट्या मारू लागले, जुन्या टीव्हीवर मारतात तशा. हा एकशे चाळीस कोटींच्या देशाचा निवडक माल. इंद्रजितने मला काढलं, ठिपका दिला, आकडे सांगत गेला, आणि ढग फाटले तेव्हा धावपट्टी नाकासमोर होती. खाली उतरल्यावर विमानातल्या जवानांनी पायलटचे हात हातात घेतले. एकाने तर वाकून नमस्कार केला. इंद्रजित मागच्या शिडीने उतरला. मी त्याच्या खिशात होते. माणसांच्या जमाखर्चात आमच्या नावावर त्या दिवशी काय जमा झालं म्हणाल, तर एक कप चहा, तोही गार.

पुढे नवी विमानं आली. त्यांत सगळं होतं, फक्त आमची खुर्ची नव्हती. माणूस काढून टाकायची ही फार सभ्य रीत आहे, लक्षात ठेवा. कोणी 'जा' म्हणत नाही, खुर्चीच बनवत नाहीत. इंद्रजितची चौदा वर्षांची मुदत भरली आणि त्याने गणवेश उतरवला. शेवटच्या उड्डाणात दिलेला वाऱ्याचा ठिपका त्याने माझ्या खिडकीवरून पुसला नाही. मला तो दागिन्यासारखा वाटायचा.

मग तो दिल्लीत मयूर विहारला वडिलांच्या फ्लॅटमध्ये राहायला आला, बायकोसह, आणि त्याने जाहीर केलं की आता तो पायलट होणार.

वडील म्हणजे अण्णा, भालचंद्रराव. जन्म केंद्र सरकारच्या कचेरीत गेला, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरात संसार झाला. सगळ्या गोष्टी दुसऱ्याच्या सहीने होतात यावर त्यांचा विश्वास. ते म्हणाले, "इंद्रा, या वयात लोक विमानाची तिकिटं काढतात."

"अण्णा, लायसन्सला वयाची अट नाही."

"अट नाही म्हणून सगळं करायचं का? गुडगावला माझ्या मित्राची मालवाहतुकीची कंपनी आहे. टेबल आहे, खुर्ची आहे. तुला खुर्चीचंच दुःख होतं ना?"

बोचरं बोलावं तर सरकारी पेन्शनरने. ट्रेनिंगची संस्था पानिपतच्या पुढे, हायवेपासून आत, गव्हाच्या शेतांना लागून होती. ते कळल्यावर अण्णांच्या जिभेला आणखी धार आली. इंद्रजित पहाटे गाडी काढायचा आणि ते गॅलरीतून म्हणायचे, "मराठी माणूस पानिपतला काय करून आला, ते शाळेत शिकवतात हो. नीट जा."

मला गाडीच्या खणात ठेवलं होतं. मी त्याच्याबरोबर जायचे. खरं सांगू का, मलाही हा उद्योग पसंत नव्हता. ज्यांच्या मागे बसून आम्ही त्यांना रस्ता दाखवला, त्यांच्याच पंगतीत जाऊन बसायचं? पायलट या जातीबद्दल माझं मत तुम्हाला कळलंच असेल.

शिकवणारी मुलगी पुण्याची, मैत्रेयी. वय इंद्रजितपेक्षा बारा वर्षांनी कमी. हा तिला मॅडम म्हणायचा, ती याला सर म्हणायची, आणि दोघांनाही त्यात अवघडल्यासारखं व्हायचं. दिवसभर हिंदीत ओरडून झाल्यावर मराठी माणूस भेटला म्हणून ती खूश होती. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, "अय्या, हे अजून कोणी वापरतं?"

तुमच्या आजीला कोणी 'अजून आहात?' असं विचारलं, तर कसं वाटेल? तसं वाटलं.

विमान दोन माणसांचं, रिक्षाला पंख लावावेत तसं. इंद्रजित डावीकडे, ती उजवीकडे, मी त्याच्या मांडीवर. पुस्तकी परीक्षा त्याने हसत दिल्या होत्या. हवेत मात्र वेगळंच झालं. धावपट्टीकडे येताना आडवा वारा लागला. इंद्रजितने वाऱ्याकडे पाहिलं, मला न फिरवताच हिशेब केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "सात अंश उजवीकडे."

आणि थांबला.

विमान डावीकडे सरकत होतं. दांडा त्याच्याच हातात होता. तरी तो थांबला, हात सैल, कान पुढे. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली त्या एका शब्दाची तो वाट पाहत होता. मैत्रेयी हाताची घडी घालून बसली होती. धावपट्टी बाजूला पळाली, खाली गव्हाचं शेत आलं. मग तिने विमान हातात घेतलं आणि वर उचललं.

"सर, आकडा एकदम बरोबर होता," ती म्हणाली. "पण तुम्ही कोणाला सांगत होता?"

त्याचे कान लाल झाले.

असं पुन्हा झालं. मग पुन्हा. हिशेब अचूक, सांगणं वेळेवर, आणि नंतर ती थांबण्याची घडी. कोरी पोरं चुकीचा आकडा काढायची पण हात हलवायची आणि धडपडत उतरायची. मला त्यांची कीव यायची, पण ती उतरायची. इंद्रजितबरोबर शिकायला लागलेले सगळे एकटे उडून आले. मुख्य प्रशिक्षकांनी त्याला बोलावून सांगितलं की शुक्रवारी ते स्वतः त्याच्याबरोबर बसतील. जमलं तर त्याच दिवशी एकट्याने उडायचं. नाही जमलं तर संस्था पुढे शिकवणार नाही, आणि आपला कोणताही विद्यार्थी नापास झाला असं संस्थेला म्हणायला आवडत नाही, तेव्हा अर्ज स्वतःच मागे घ्यावा. मी म्हटलं नव्हतं, माणूस काढायच्या रीती फार सभ्य असतात?

शुक्रवार जवळ आला. अण्णांनी गुडगावच्या मित्राला फोन करून सोमवारची वेळ घेऊन ठेवली.

तर आता दुधाची गोष्ट. त्या दिवशी इंद्रजितने मला घरी आणून ओट्यावर ठेवलं होतं. तो गॅससमोर उभा होता. दूध वर येत होतं. रेवती, म्हणजे त्याची बायको, बाहेरच्या खोलीत नोएडाच्या ऑफिसची मीटिंग लॅपटॉपवर उरकत होती. इंद्रजित शांतपणे म्हणाला, "दूध उतू जाईल."

आणि थांबला.

दूध उतू गेलं. माझ्यावर आलं. मित्रांनो, ढगातून जिने माणसं बाहेर काढली, तिच्या आकड्यांत साय. याहून अपमान मला ठाऊक नाही.

रेवती आली, गॅस बंद केला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. "तू इथेच उभा होतास ना?"

"मी सांगितलं होतं."

"सांगितलंस! नेहमी सांगतोस. 'टायरमध्ये हवा कमी आहे', 'बिलाची तारीख आली', 'पाहुणे बसले आहेत'. आणि आम्ही धावतो. लग्न झाल्यापासून मी तुला रॉजर म्हणतेय, इंद्रजित, आणि आज माझ्या लक्षात येतंय."

तो ओट्याला टेकला. मग त्याने तिला विमानातलं सगळं सांगितलं. संस्थेत काय चाललंय हे त्याने तोवर घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. ऐकून ती हसली नाही, हे तिच्या खात्यावर जमा. पाठीवरच्या ठिपक्याला धक्का न लावता मला ओल्या फडक्याने पुसत ती म्हणाली, "अच्छा. मग उद्यापासून या घरात कोणी रॉजर म्हणणार नाही. अण्णांनाही सांगते."

अण्णांना इतकं आनंदाचं काम निवृत्तीनंतर मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी इंद्रजित म्हणाला, "हीटर बंद करायला हवा." अण्णा हीटरशेजारी बसले होते. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "करायला हवा खरा. प्रस्ताव चांगला आहे." बेल वाजली. इंद्रजित म्हणाला, "दारात कोणीतरी आहे." रेवती म्हणाली, "असेल बाई." बाहेर कुरियरवाला, आत तीन शिकलेली माणसं, आणि दार बंद. शेवटी कुरियरवाला निघून गेला. सगळं घर सरकारी कचेरीसारखं चाललं होतं, आणि अण्णा तरुण दिसू लागले होते.

पण गुरुवारी एक झालं. इंद्रजित म्हणाला, "चहा गार होतोय," आणि वाक्य संपायच्या आत त्याने स्वतःच कप उचलला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. रेवतीने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पेपर वर केला.

शुक्रवारी धुकं उठायला वेळ लागला. मुख्य प्रशिक्षक त्याच्याबरोबर चक्कर मारून आले आणि उतरताना मैत्रेयीला म्हणाले, "बोलता बहुत है. लेकिन हाथ चल रहा है." मग तिने इंद्रजितच्या मांडीवरून मला उचललं.

"ही मला द्या, सर. एवढ्याशा फेरीला लागणार नाही."

त्याने मला सोडायला जरा वेळ लावला. मग सोडलं.

धावपट्टीच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर मैत्रेयी बसली. एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्या हातात मी. विमान उठलं, शेतावरून वळलं, लहान झालं. ती हसतमुख दिसत होती, पण तिचा अंगठा माझ्या पाठीवरची खिडकी फिरवत होता, पुढेमागे, पुढेमागे, घामाने ओला. पोरीला त्याची काळजी होती. पायलट असूनही.

तेवढ्यात वाऱ्याने जोर धरला. दूर विमान धावपट्टीच्या रेषेत आलं आणि एका बाजूला सरकू लागलं. माझ्या मनात आकडा तयार होता, पण मला विचारणार कोण? आणि वॉकीटॉकी खरखरली. इंद्रजितचं बोट बोलायच्या बटणावर राहून गेलं होतं. अख्ख्या मैदानाला त्याचा आवाज ऐकू आला, तोच जुना, स्वच्छ:

"सहा अंश डावीकडे."

पुढे शांतता. मैत्रेयीचा अंगठा थांबला. विमान अजून सरकत होतं. ती खुर्चीतून अर्धी उठली.

मग त्याच आवाजाने, जरा हळू, म्हटलं:

"रॉजर."

नाक वळलं. विमान रेषेत आलं, एकदा उसळलं, मग चाकं टेकली आणि टेकलेलीच राहिली.

तो चालत आला तेव्हा मैत्रेयीने मला त्याच्या हातात दिलं. त्याने सवयीने पाठ उलटी केली. खिडकी कोरी होती. चौदा वर्षांच्या अखेरचा तो ठिपका तिच्या घामेजल्या अंगठ्याने पुसून टाकला होता. ती बघून घाबरली. "सर, सॉरी, काही महत्त्वाचं होतं का?"

"जुना वारा होता," तो म्हणाला. खिशातून पेन्सिल काढून त्याने त्या दिवसाचा वारा माझ्या पाठीवर टिपला.

घरी अण्णांनी सोमवारची वेळ रद्द केली, तीही रेवतीला फोन करायला सांगून नव्हे, स्वतः करून. मग म्हणाले, "ही चकती इकडे दे. शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवू. मान मिळेल तिला."

"नको अण्णा," इंद्रजित म्हणाला, "सोमवारी लागेल," आणि मला बॅगेत घालायला स्वतः उठला.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं, आकडे बोलणारं काहीतरी असेल. वस्तू असेल, नाहीतर माणूस असेल. त्याला काचेच्या कपाटात ठेवून लांबून नमस्कार करू नका. नमस्कार फुकट असतो, म्हणून लोक तो भरपूर करतात. आम्हाला पुसा, फिरवा, आमचा आकडा ऐका. आणि ऐकून झाल्यावर आजूबाजूला बघू नका. दांडा तुमच्याच हातात असतो.

दूधही.