तेलाच्या दोन थेंबांची नोंद

तीन वाट्या, एक दांडा आणि पोटात एक बेअरिंग, एवढाच माझा ऐवज. मित्रांनो, मी एक जुना वायुवेगमापक आहे. पवनचक्क्यांच्या रांगेपुढे एक उंच मनोरा आहे. त्याच्या शेंड्यावर मी अकरा वर्षे गरगरतो आहे. मी जितक्या वेगाने फिरतो, तितका वारा जोराचा, असे खालच्या खोलीतला संगणक समजतो.

कारखान्यात मला पारखणाऱ्या बाईंनी मोजून सोडलेल्या वाऱ्यात तीनदा फिरवून पाहिले आणि मगच माझ्यावर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. पुढे बेअरिंगमध्ये धूळ शिरली, मी जड झालो आणि वाऱ्याला त्याच्या योग्यतेपेक्षा थोडे कमी लेखू लागलो. हे कोणाच्याही ध्यानात आले नाही.

मनोऱ्यावर चढणाऱ्या मिस्त्रींची मुलगी अभियंता होऊन याच केंद्रावर आली. पुढच्या सहा तासांत किती वीज मिळेल, हे आधी सांगणारी रचना तिने संगणकात उभारली. डीप लर्निंग म्हणतात ते हेच: थरांवर थर असलेले गणिताचे जाळे. माझ्या तीन वर्षांच्या नोंदी आणि त्या त्या वेळची वीज शेजारी शेजारी ठेवली, की त्यांतला संबंध ते आपले आपण शिकते. मी आताचा वारा सांगतो. ते येणाऱ्या वाऱ्याची चाहूल घेते. या बुद्धीचे मला अजून नवल वाटते.

वीजनियंत्रण कक्षाने या जाळ्याची पंधरा दिवसांची परीक्षा ठेवली. अंदाज खरे ठरले, तर राखीव जनित्रे विनाकारण धुमसत ठेवावी लागणार नव्हती; चुकले, तर मुलीचे दोन वर्षांचे काम बासनात जाणार होते. नऊ दिवस अंदाज चोख उतरले.

दहाव्या दिवशी सकाळी मिस्त्री शेंड्यावरचा दिवा बदलायला चढले आणि माझा आवाज ऐकून थबकले.

"लेकीच्या परीक्षेला बसलायस आणि असा कुरकुरतोस?" असे म्हणत त्यांनी मला पुसले, तेलाचे दोन थेंब सोडले. मी तरुणासारखा फिरू लागलो. खाली उतरून त्यांनी नोंदवहीत दिवा बदलल्याचे लिहिले. तेलाचे लिहिले नाही. दिवा बदलणे हे काम होते, तेल देणे ही माया होती.

दुपारपासून अंदाज फुगू लागले. दोन दिवस मुलीने स्वतःचे गणित उलटेपालटे करून तपासले. पाळीप्रमुख येता जाता चौकशी करीत, की बाई, तुमच्या जाळ्याला वारा बाधला काय.

तिसऱ्या दिवशी जेवताना मिस्त्री तिची समजूत घालू लागले. "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मापक तर आता लोण्यासारखा फिरतोय. परवा मीच तेल घातलं त्याला."

तिचा घास हातातच राहिला. "बाबा, हे लिहिलं का नाही तुम्ही?"

"तेल घातलेलं कुणी लिहितं होय?"

मग उलगडा झाला. मी कमी बोलतो, हे माणसांना कळले नव्हते. जाळ्याला कळले होते. माझा प्रत्येक आकडा ते मनातल्या मनात वाढवून घेत असे. आता मी खरे बोलू लागलो, तरी ते जुन्या समजुतीने वाढवीतच राहिले. माझे व्यंग ज्याने निमूटपणे सांभाळून घेतले, त्याची चूक मी कोणत्या तोंडाने काढू?

पाळीप्रमुखांनी सरळ उपाय सुचवला. "मग घाला की परत चिमूटभर धूळ. तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे."

"आकडा जुळावा म्हणून मापक बिघडवायचा असेल," ती शांतपणे म्हणाली, "तर परीक्षा हवीच कशाला?"

तिने तेलाआधीचे आणि तेलानंतरचे माझे आकडे विजेशी ताडून माझी तूट काढली, जुन्या नोंदी दुरुस्त केल्या आणि जाळ्याला पुन्हा शिकवले. चुकलेले दिवसही कारणासह कक्षाला कळवले. उरलेले तिन्ही दिवस अंदाज तंतोतंत उतरले. कक्षाने जाळे स्वीकारले, ते एका अटीवर: मनोऱ्यावरच्या कोणत्याही यंत्राला हात लागला, की तो लिहिला गेला पाहिजे.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा. आम्ही तक्रार करीत नाही, म्हणून आम्ही धडधाकट आहोत असे समजू नका. पण जी निगा राखाल ती सांगाही. तुमच्या त्या दोन थेंबांवर दुसऱ्या कोणाचे गणित उभे असते. मिस्त्री आता खाली उतरले, की चष्मा पुसून नोंदवही उघडतात. त्यांच्या वळणदार अक्षरातली पहिली ओळ अशी आहे: "मापकास तेल दिले. म्हातारा आता खरे बोलतो."