अनुजाची खोटी पाळी

अनुजा दहावीत गेली, पंधरा पूर्ण झाली, तरी तिला पाळी आली नव्हती. ही गोष्ट तिची आई वर्षाराणी सोडून घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

शाहूपुरीतल्या त्या घरात सोवळं-ओवळं सासूबाईंचं, बाळाबाईंचं चाले. दिवाळीत जमलेल्या बायकांत कुणीतरी विचारलं, "पोरीला न्हाण आलं का न्हाय अजून?" आणि वर्षाराणीच्या तोंडून निघून गेलं, "आलं की!"

एका खोट्याला दहा टेकू लागतात. तेव्हापासून दर महिन्याला ती अनुजाला चार दिवस बाजूला बसवू लागली. शाळेला तेवढी सूट होती. घरी आलं की स्वयंपाकघर बंद, देवघर बंद. कोपऱ्यात बसलेली पोर आईकडं टक लावून बघे, आणि वर्षाराणी नजर चुकवून चपात्या लाटत राही.

तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पोरगी अंगानं चांगली भरलीय, मग अडलंय कुठं? नवरा अमरसिंह कागलच्या कारखान्यात कामाला. त्याला असलं सांगायचं कसं? दवाखान्यात न्यावं, तर कुणीतरी बघणार. 'पोरीत खोट हाय' अशी आवई उठली तर उद्या सोयरीक कशी जमायची? त्यातच अलीकडं दर महिन्याला अनुजाच्या ओटीपोटात कळा येऊ लागल्या. दोन दिवस तळमळायची, मग आपोआप बरी व्हायची. वर्षाराणी ओव्याचं पाणी द्यायची आणि देवाला हात जोडायची.

एका दुपारी अनुजा शाळेतून आली ती पोट धरूनच. घामानं डबडबलेली. "आई, सकाळपासनं लघवीच झाली न्हाय गं!"

वर्षाराणी धावली, तोच देवघरातून बाळाबाई ओरडल्या, "अगं, शिवू नगंस तिला! बाजूला बसलीया न्हवं ती?"

"कसली बाजूला!" अनुजा किंचाळली. "आज्जी, मला अजून पाळीच आली न्हाय! आईनं खोटं बसवलंय मला!"

वर्षाराणीला वाटलं, आता म्हातारी घर डोक्यावर घेणार! पण बाळाबाई उठल्या त्या थेट नातीजवळ जाऊन बसल्या. पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं लागत होतं.

"रिक्षा बोलव आधी. भांडाण मागनं बघू!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली. "पाळी सुरू झालीय हिची," त्या म्हणाल्या. "पण योनिमार्गाच्या तोंडाशी जन्मापासूनच पडदा पूर्ण बंद आहे. रक्ताला बाहेर यायला वाटच नाही. महिन्यामागून महिना आत साठत गेलं, त्याचा दाब येऊन लघवी अडली. छोटंसं ऑपरेशन करू. लग्नाला, मुलंबाळं व्हायला पुढं काही अडचण येऊ नये. पण इतके दिवस थांबलात कशाला?"

"कुणाला लवकर येते, कुणाला उशिरा," वर्षाराणी पुटपुटली. "वाट बघावी म्हटलं."

"येते की! दहा ते पंधरात कधीही येते, बहुतेकींना बारा-तेराच्या सुमारास. पण वाट बघायलाही हद्द असते, ताई. तेरा झाली तरी छातीची वाढच नाही, पंधरा झाली तरी पाळी नाही, किंवा उलट आठच्या आतच वाढ दिसायला लागली, तर दाखवून घ्यायचं. आणि पाळी नसताना महिन्याच्या महिन्याला पोट दुखत असेल, तर वय मोजत बसायचंच नाही! पुष्कळदा काळजीचं काही निघत नाही. पण ते तपासून कळतं, लपवून नाही."

ऑपरेशन नीट पार पडलं. बाहेर बाकावर दोघी सासू-सुना बसल्या होत्या. बाळाबाईंनी विचारलं, "माझ्या भ्यानं लपवलंस न्हवं?"

वर्षाराणीनं होकाराची मान हलवली आणि तिला रडू कोसळलं.

"मग खोट पोरीत न्हवती गं. माझ्या सोवळ्यात हुती. आता आपल्या घरात कुणी बाजूला बसायचं न्हाय. खोटं न्हाय, आनि खरंबी न्हाय!"

वाचकहो, पाळी लवकर येणं वा उशिरा येणं हा ना मुलीचा दोष, ना घराण्याचा कलंक. ती शरीराची गोष्ट आहे, आणि शरीराचं डॉक्टरांनाच विचारावं. लोक काय म्हणतील, याचं उत्तर शोधत बसाल, तर तेवढा वेळ आपली लेक कळा सोसत असेल!